म्हातारीचा दोर

३ मार्च
ठरलं! म्हातारी निवृत्त. पंचवीसला झेंडा उतरवणार, मग भंगारात. तटरक्षक दलात चौतीस वर्षं काढली या जहाजानं, त्यातली सव्वीस मी तिच्या इंजिनखोलीत. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चालली का माझी सवत!" आणि हसली.

५ मार्च
वरून पत्र आलं. शेवटच्या धक्क्यापर्यंत टगबोट ओढत नेणार म्हणे. इंजिनाचा भरवसा नाही! डोकंच फिरलं. बंद पडलेल्या किती बोटी हिनं ओढून आणल्या! आम्ही दोर देतो. घेत नाही. कॅप्टनना तोंडावर सांगितलं — "साहेब, ती स्वतःच्या पायांनी जाईल. शब्द माझा."
"मग टग रद्द करतो. आपलं हसं होणार नाही एवढं बघा."

९ मार्च
समारंभात वाचायला जहाजाचा इतिहास हवाय. लिहायला मला बसवलं! तेल सांडलं तेव्हा अकरा दिवस समुद्र पुसत होतो. चोरटा माल नेणाऱ्या लाँचनं दोन तास पळवलं, शेवटी तिचंच डिझेल संपलं. वादळात बुडत्या मालवाहू जहाजावरचे एकोणीस जण काढले — त्यांच्या स्वयंपाक्यानं कढई काही सोडली नाही.
आणि माझ्या पहिल्या वर्षीचा तो दाढीवाला मच्छीमार. बोट बुडायला आली तरी उतरेना. "बोट येणार असेल तर मी येतो!" दोन दिवस ओढली त्याच्यापायी. किनाऱ्याला लागल्यावर ढसाढसा रडला, आणि डोळे पुसून मी बांधलेली गाठ कशी चुकली ते मलाच शिकवत बसला. लिहिताना ऊर भरून आला.

१७ मार्च
डावं इंजिन ऐकत नाही. उजव्यावरच जायचं. त्याचा पाण्याचा पंप कुरकुरतोय, नवा मिळेना. कॅप्टनना सांगितलं नाही.

२४ मार्च
बायको गणवेशाला इस्त्री करत होती. "अहो, पंपाचं सांगितलंत का साहेबांना?" मी पेपर वाचत राहिलो.

२५ मार्च, दुपार
बंदराच्या तोंडाशी पंप गेला. इंजिन तापलं, मीच बंद केलं. धक्क्यावर बँड, पाहुणे, बायको — आणि आम्ही मध्येच तरंगतोय! मान खाली घालून वर गेलो. "साहेब, पंपाचं मला ठाऊक होतं. चूक माझी."
ते रागावले नाहीत. नुसतं समोर बोट दाखवलं. निरोपाला जमलेल्या मच्छीमार बोटींतली एक आमच्याकडे येत होती, मागून आणखी चार. पहिलीच्या सुकाणूवर दाढीवाला! दाढी पार पांढरी. त्यानं दोर फेकला. कॅप्टन माझ्याकडे बघायला लागले. मी झेलला, खुंटाला बांधला.

२५ मार्च, संध्याकाळ
इतिहासात शेवटची ओळ घाईघाईत मीच जोडली, कॅप्टननी मोठ्यानं वाचली — "आज आम्ही दोर घेतला." टाळ्या थांबेनात. इतका अभिमान सव्वीस वर्षांत कधी वाटला नव्हता. गाठ मात्र अजून चुकतेच म्हणे — दाढीवाल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं!