मुक्याची ढाल

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहायचं कारण तेच, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून मला खोकला येतो. परवा शेजारीण विचारायला आली, की तुम्ही कुणावर एवढ्या चिडलात. म्हटलं, चिडले नाही बाई, बहिणीची खुशाली विचारतेय.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. मुख्य बातमी म्हणजे काल आम्ही तीन तोंडांचं कासव मारलं. तू कपाळाला हात लावशील, लाव. माझ्या नातीने, भिंगरीने, तुझ्याकडे राहायला येताना माझ्या फोनवर हा खेळ घालून दिला, म्हणाली, आजी, तुझा वेळ जाईल. आता मला वेळच पुरत नाही. मी त्यात औषधवाली आहे. हातात काठी, डोक्यावर हे एवढं टोपडं. कुणाला लागलं की काठी फिरवायची, जखम भरते. खेळातली भाषा परकी, पण भिंगरीने शिकवून ठेवलंय, हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नको. बाकी मी चित्रांवरून ओळखते. माझं मत विचारशील तर औषध जखम खोल व्हायच्या आधी द्यावं. बाकीच्या औषधवाल्या शेवटच्या राक्षसासाठी साठवून ठेवतात आणि तोवर माणसं मरून पडतात. साठवून काय लोणचं घालायचंय?

आता खरी गोष्ट. भिंगरी आमच्या टोळीची म्होरकी, धनुष्यवाली. नेम चांगला, पण फार पुढे पळते. तिच्यापुढे ढाल धरून एकजण उभा असतो. तो कधी काही लिहीत नाही म्हणून टोळीत त्याला मुका म्हणतात. तो मुका म्हणजे माझा मुलगा. तिचा बाप. दुकान बंद करून आला की भिंतीला टेकून बसतो, मी इकडे पलंगावर, आणि ती तुझ्या घरी. तिला ठाऊक नाही. मला शपथ घातलीय, पण तुला सांगू नको असं काही म्हणाला नव्हता.

भिंगरीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्याउभ्या वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या बाहीला चटका लागला. भरपाई तुझ्या नावावर.

बापलेकीचं भांडण कशावरून झालं ते मला भिंगरीकडूनच कळलं. ती म्हणते, दुकानात चष्म्याच्या काचा हाताने घासत बसण्यापेक्षा कापायचं यंत्र घेऊ या एवढंच मी म्हटलं, तर बाबा म्हणाले, यंत्र पाहिजे तर यंत्र असेल तिथे जा. आणि ती आली. इथे यंत्रावरच काम करते, पगार बरा आहे. पण संध्याकाळी चष्मा लावलेलं कुणी दिसलं की हातात मागून घेते आणि काचेच्या कडेवर बोट फिरवून बघते. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, काही नाही, सवय.

तुझ्या त्या मुक्याबद्दल ती मला भरभरून सांगते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट होते. म्हणते, मावशीआजी, टोळीत बडबडे पुष्कळ आहेत, पण मी चुकले तरी माझ्यापुढून न हलणारा तो एकटाच. खाणीतून काय काय गोळा करून तिने त्याला एक ढाल घडवून दिली आहे. वर चित्रही कोरलंय, गोल फिरणारी भिंगरी. रोज कामावरून येऊन तेवढंच करत होती. भाच्याचा चेहरा कसा झाला ते कळव.

घरच्या सर्वांस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. चेहरा विचारलास म्हणून सांगते. ढाल आली तेव्हा त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला, मग काच तपासताना करतो तसा उजेडाकडे धरला. म्हणाला, कड बरोबर घासली आहे. बस, एवढंच. पण रात्रीची भाकरी एक जास्त खाल्ली.

आता एक घोळ झालाय, तो कुणापाशी बोलू नकोस. दगडी राक्षसाशी लढताना त्या ढालीला टवके गेले. त्या राक्षसाचे आधी पाय फोडायचे असतात, हे मी पहिल्यापासून सांगतेय, पण धनुष्यवाल्यांना डोकंच दिसतं. असो. हा आंघोळीला गेला होता, फोन खाटेवर. मला वाटलं, आपण ढाल नीट करून ठेवावी, खूश होईल. एक हातोड्याचं चित्र होतं आणि एक भट्टीचं. मी म्हटलं, हातोड्याने अजून टवके जातील. तापवून उजळलेलं बरं, भांडं नाही का आपण घासून तापवून लखलखीत करतो. भट्टी दाबली. काहीतरी विचारलं, मी हिरवं दाबलं. ढाल गेली. तिथे एक लोखंडाचा गोळा आला.

याला सांगितलं. तो टॉवेलने कान पुसत राहिला. मग म्हणाला, जाऊ दे, जुनी ढाल आहे ती लावतो. भिंगरीला कळायचं काही कारण नाही असं मला वाटतं.

तुझी ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तिला कळलं. दिलेली वस्तू कुणी वितळवली की देणाऱ्याला खेळाकडून निरोप येतो म्हणे. ती जेवत होती. ताट तसंच ठेवून उठली. तिने टोळीत सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ढाल आवडली नव्हती तर परत का दिली नाही. तो गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग लिहिलं, ज्याला माझ्या हातच्या कामाची किंमत नाही त्याने माझ्या टोळीत राहू नये. आणि काढून टाकलं.

ताई, तू तिथेच होतीस ना. तू का नाही काही लिहिलंस? ती म्हणाली, आजीसुद्धा गप्प होती, म्हणजे तिलाही पटलं असणार.

मी सांगू का तिला? तुझ्या शपथेमुळे माझं तोंड बांधलंय. लगेच लिही.

तुझी धाकटी


ता. २ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी तिथेच होते. मला लिहिता येतं ते असं, कागदावर, खाडाखोड करत. त्या एवढ्याशा फोनवर मी “थांब” लिहायला घेतलं, थ सापडला, पुढचं सापडेपर्यंत तो टोळीतून गेला होता. भिंतीला टेकून होता तसाच बसला होता. मी म्हटलं, अरे, लिही ना, आईने केलं म्हणून लिही. तर म्हणाला, मी तिला जा म्हटलं तेव्हा ती एका शब्दाने उलट बोलली नाही. आता मी कशाला बोलू.

खेळ त्याने फोनवरून काढलेला नाही, पण उघडतही नाही. दुकानातून येतो, जेवतो, भिंतीकडे पाठ करून पडतो. मी एकटीच काठी फिरवते. कासव मारल्याच्या आनंदात तुला केवढं पत्र लिहिलं होतं, आता आठवलं की लाज वाटते.

शपथेचं मी बघून घेईन. तिला सगळं सांग. भट्टी मी दाबली हे आधी सांग.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सांगितलं. इस्त्री बंद केली, तिला समोर बसवलं आणि तुझी पत्रंच वाचायला दिली. भट्टीवर ती हसली. मग त्याने ढाल उजेडाकडे धरली ते वाचलं, आणि पत्र खाली ठेवून उठली. बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी होती. मला लांबचं ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, तरी नळ सोडला.

नंतर म्हणाली, एवढे दिवस मी त्यांना टोळीत बाजूला सरका म्हणून ओरडत होते. हळू आहात म्हणत होते. त्यांना ढाल धरायला शिकवलं कुणी? मी म्हटलं, तुझ्या आजीने, आणि किती नीट शिकवलं असेल ते तुला कळलंच. या वेळी हसली नाही.

फोन कर म्हटलं. म्हणाली, आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही. तिने त्याला टोळीत परत यायचं बोलावणं पाठवलंय. खाली काही लिहिलेलं नाही. त्याची जागा रिकामी ठेवली आहे, दुसरे ढालवाले विचारतात त्यांना नाही सांगते.

तुझी धाकटी


ता. १७ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. बोलावणं आलंय. मी त्याला दाखवलं. दुकानात जायच्या आधी बघतो, आल्यावर बघतो आणि फोन पालथा ठेवतो. काल भाजी निवडत बसले होते, तर आपण होऊन म्हणाला, ती अजून तशीच पुढे पळते का. म्हटलं, हो. मग विचारलं, तिच्यापुढे आता कोण असतं. म्हटलं, मी असते काठी घेऊन, आणि पहिल्या फटक्याला मरते. वाटलं, हसेल. तो शेंगांची साल बोटांत धरून बसला होता. म्हणाला, औषधवालीने पुढे उभं राहू नये.

एवढंच. हे मीच त्याला खेळ शिकवताना सांगितलं होतं, पण त्याने ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आज तो आंघोळीला गेला आहे. फोन खाटेवर आहे, बोलावणं वरच दिसतंय, आणि त्याखाली हिरवं. एकदा बोट लावलं की झालं. मी हात पदरात गुंडाळून बसले आहे. भिंगरीला सांग, जागा अजून थोडी धरून ठेव. आणि मी या वेळी काही दाबलेलं नाही, तेही सांग.

दोघींवर माया आहेच. तुम्हीही ती ठेवा.

तुझी ताई