बॅटरीच्या दोन आखूड तारा

अप्पा, आज दुपारी एक पार्सल आलं आणि तेव्हापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. तेलावर पळणारी एक जुनी रिमोटची गाडी मी मागवली आहे. तिचं इंजिन काढून तिला बॅटरीवर करायची. रिटायर झालेल्या बाईच्या या उद्योगाला शेजारणी म्हातारचळ म्हणतात. म्हणू देत, त्यांची अक्कल पापडापलीकडे गेलेली नाही. सोबत बॅटरी जोडायचे पिवळे कनेक्टर आलेत. एक बाजू सरळ, दुसरी तिरकी, म्हणजे उलटे बसणारच नाहीत. बॅटरीकडचं पितळ तर पार आत दडवलेलं. ते पाहून मी संतापलेच. याच गोष्टीसाठी मी बीदरला, तुमच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात, तीन दिवस डोकं शिणवलं होतं. आता ती पाकिटात मिळते.

बी.एस्सी. होऊन दोन वर्षं मी घरात बसले होते. मला दुकानात बसायचं होतं, आणि दुकानात तुमच्या जोडीला बसणारे काका म्हणत, पोरगी बसली तर गिऱ्हाईक बॅटरी बघंल का हिला? मी म्हणाले, तुमच्या दुकानात दोन्ही बघायला कुणी येत नाही. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फार बरे गेले ते आठ दिवस. त्यातच आळंदचा तो तुरीचा व्यापारी जावयानं दुबईहून आणलेली गाडी घेऊन आला. तिचं खास तेल आठवड्यात संपलं होतं आणि इकडे कुठं मिळत नव्हतं. बॅटरीवर करून द्या, म्हणाला. तुम्ही गाडी उचलून माझ्यासमोर ठेवलीत. "तू कर. मी हात लावणार न्हाई. चालली तर उद्यापासून दुकानात बस."

मी इंजिन काढलं, मोटारीतल्या छोट्या पंख्याची मोटर बसवली, मोटरसायकलची सगळ्यात लहान बॅटरी पट्ट्यानं आवळली. ते सोपं होतं. अडलं जोडणीपाशी. चार्जिंगचे दातेरी चिमटे पहिल्याच दगडाला सुटले असते. ट्रान्झिस्टर रेडिओच्या सेलला लावायची बटणं इतकी पातळ की मिनिटात तापली. घरातला दोन पिनांचा प्लग पितळेचा, घट्ट, पण तो उलटाही बसतो. शिवाय आपल्याकडची माणसं प्लग दिसला की भिंतीत खुपसतात. शेवटी मोटरसायकलच्या वायरिंगमधल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या पितळी गोळ्या आणि नळ्या सापडल्या. बॅटरीच्या लाल तारेला मी नळी लावली, काळीला गोळी. गाडीकडे बरोबर उलट. आता लाल काळीत जाणं शक्यच नाही. तारेला कथील पाजताना मी गुणगुणत होते, अप्पा. मला वाटत होतं, हे जगात कुणालाच सुचलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती बॅटरी उचललीत, तिच्या दोन्ही तारा बोटांत धरल्यात आणि विचारलंत, "ही दोन टोकं एकमेकांत बसतेत का गं?"

बसत होती. बॅटरीचीच गोळी बॅटरीच्याच नळीत बसली की तारेचा निखारा. मी कॉन्व्हेंटची मान ताठ करून म्हणाले, "असलं कोण करतंय, अप्पा? एवढं मूर्ख कोण असतंय?"

"मूर्ख न्हाई, नेटकी माणसं करतेत. गाडीतून बॅटरी काढली की तारा लोंबायलेत म्हणून एकात एक घालून ठेवतेत. जा, बसची बॅटरी बघून ये."

चिडून निघाले. बसस्टँडवर उदगीरच्या गाडीच्या ड्रायव्हरला झाकण उघडायला लावलं. तो म्हणाला, बाई, तिकीट तर काढा. आत जाडजूड तार इतकी बेताची कापलेली की बॅटरीवरचा आपला शिशाचा खांब सोडून दुसऱ्या खांबापर्यंत पोचतच नव्हती. मी तिथेच हसायला लागले. परत पळत आले, बॅटरीच्या दोन्ही तारा दोन-दोन बोटं ठेवून कापल्या आणि टोकांवर गोळी, नळी पुन्हा बसवली. एक या अंगाला, एक त्या अंगाला, ओढली तरी भेट नाही. गाडीकडच्या तारा लांब केल्या. दुपारी व्यापाऱ्याच्या हातात रिमोट दिला आणि दुकानामागच्या लाल मुरमावर गाडी अशी सुटली की काकांनी धोतर सावरत उडी मारली. व्यापारी तुमचे हात धरायला आला. तुम्ही हात मागं घेतलेत. "हिचं काम हाय. बिघडलं तर हिलाच विचारा."

शाळेत नोकरी लागेपर्यंत चार वर्षं मी त्या दुकानात बसले. ती माझी हक्काची कमाई आहे असं मी सगळ्यांना सांगत आले, वर्गातल्या मुलींनासुद्धा.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहून टाकते. तुम्ही ते टोकांचं विचारलंत त्याच्या आदल्या दुपारी, तुम्ही जेवायला घरी गेलात तेव्हा, तारा लोंबताना बऱ्या दिसत नाहीत म्हणून मीच त्या एकात एक घातल्या होत्या. लाल तार वितळून धूर झाला. मी नवी तार जोडली आणि जळकी कागदात गुंडाळून बसस्टँडच्या गटारात टाकून आले. खरं सांगितलं असतं तर दुकान हातचं जाईल अशी भीती वाटली. तुम्ही जेवून आल्यावर दोन्ही खिडक्या उघडल्यात, आणि दुसऱ्या सकाळी गाडी सोडून नेमकी बॅटरीच उचललीत.