मागच्या सालचा आंबा

२२ एप्रिल, चंद्रपूर

टरबूज आणि लाल वाईन गोठवून पाहिली. फेल. टरबुजाचं सगळं पाणीच. गोठलं ते दगड, वितळलं ते गुलाबी पाणी. स्नेहलनं वास घेतला, म्हणे, "खोकल्याचं औषध गोठवलं का व?" एका खोलीत राहतो म्हणून काहीही बोलते.

मी लिहून राह्यली त्या कथेचंही तेच. चार पानांतून सगळी क्रियापदं काढायची होती. काढली. स्नेहलनं वाचून वही परत केली. "कोण काय करून राह्यलं, काहीच समजत नाई." तेच तं पाहिजे होतं मले! पण संध्याकाळपर्यंत मलेही समजेना.

२४ एप्रिल

जमलं!!

आंबा. बेंगनपल्ली, तेलंगणातून आलेले, बाजारात आत्ताच दिसले. फोडी ताटलीत सुट्या पसरून दिवसभर फ्रिजरमध्ये. पांढरी वाईन बर्फाच्या ट्रेमध्ये वेगळी. वाईन कडक होत नाई, भुरभुरीत राहते, तीच गंमत. दोन्ही मिक्सरात, लिंबू, चिमूटभर मीठ. पहिले गिट्टी भरडल्यासारखा आवाज, मंग एकदम मऊ. स्टीलच्या दोन डब्यांत भरून परत फ्रिजरले.

स्नेहल म्हणे, "आमच्या घरी पाचवं शील पाळतात बाई, दारू नाई म्हणजे नाई. नुसता चमचा चाटला तं मोडते का?" चमचा तोंडापर्यंत नेला, ठेवून दिला. आई दिसली असन डोळ्यासमोर.

मी दोन वाट्या. पहिल्या घासाले गाव आठवलं. नव्या आंब्याचं पंडुम झालं नाई अजून. देवाले दिल्याशिवाय आम्ही नवा आंबा तोंडात घेत नाई, लहानपणी तं पडलेल्याचा वास घेतला तरी माय हातावर मारे. म्हटलं, हा काय आपल्या रानातला होय? बाजारचा आहे. खाल्ला.

२७ एप्रिल

बा आला. फोन नाई, काही नाई. आलापल्लीहून पहाटेच्या बसनं, डोळे दाखवाले. मी ट्यूशनवर. घरमालकीण बाईनं खोली उघडून दिली.

मी आली तं बा पंख्याखाली मांडी घालून. मांडीवर स्टीलचा डबा. रिकामा.

"हे चांगलं केलं व पोरी. गोला होय का?"

बाप. वाईन. पोरीच्या खोलीत. खरंच सांगून टाकलं. "बा, त्यात दारू आहे."

बा हसला! "मले समजत नाई का? पातळ आहे तुमची. मोहाची सर नाई." मंग म्हणे, "दोन थेंब खाली जमिनीले दिले मी पहिले. तू देते का नाई?"

फरशीवर खरंच दोन चिकट ठिपके. मी एवढी भ्याली आणि हा मले थेंबाचं विचारून राह्यला. हसू येणारच होतं.

तेवढ्यात त्यानं चमचा डब्याच्या बुडाशी फिरवला. थांबला. "पहिले थंडानं जिभेले काहीच समजलं नाई. खाली ही फोड लागली, तवा समजलं. आंबा होय ना हा? कधीचा?"

मी डबा घ्याले वाकली.

"पंडुम व्हायचं आहे. मी गावचा पेरमा. देवाले मीच देतो, मंग गाव खाते. मीच आधी खाल्ला तं कोणत्या तोंडानं म्हणू, खा आता?"

बाचा चेहरा असा कधी पाहिला नाई. मागच्या वर्षी वाघ गोठ्यापर्यंत आला तवाही नाई.

"मागच्या सालचा," मी म्हटलं. कसं आलं तोंडात माहीत नाई. "मागच्या उन्हाळ्यात गोठवला होता. फ्रिजरमध्ये वर्षभर राहते."

"मागच्या पंडुमनंतरचा?"

"हाव."

फ्रिजकडे पाहिलं त्यानं. जाऊन हात लावला दाराले. "वर्षभर आंबा जिता ठेवते," म्हणे. "मंग बरं."

मंग बरं.

२८ एप्रिल

दवाखाना. मोतीबिंदू पिकला नाई, दिवाळीनंतर या म्हणतात. बाले बसमध्ये बसवलं. खोलीतून निघताना कचऱ्याची पिशवी त्यानंच उचलली, "जाता जाता टाकतो." मी नाई नाई म्हणेपर्यंत जिना उतरला.

स्नेहलले सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा हसली नाई. "फोन करून सांगून टाक."

काय सांगू फोनवर? रेंज येते तं अर्धं वाक्य जाते.

४ मे

मायचा फोन. पंडुम झालंच नाई. आंबे पिकून झाडाखाली पडून राह्यले. माकडं खाऊन राह्यले, माणसं पाहून राह्यले. गावानं दोनदा दिवस धरला, बानं दोनदा मोडला.

"काऊन?"

"म्हणते, पोरीले येऊ दे."

"मले?? मी तं मागच्या साली पण नव्हती."

"मले काय विचारते? तुया बाप होय तो."

जेवली नाई. फ्रिजर उघडला, आंब्याचा दुसरा डबा होता, मोरीत ओतला. वितळाले वेळ लागला. उभी राहून पाहत राह्यली.

७ मे, गाव

अर्धी बाटली स्नेहलकडे ठेवून आली. गडचिरोलीत दारूबंदी, बॅगेत सापडली तं वेगळंच लफडं.

घरात शिरली. पाणी प्याली. कोनाड्यात बाचा चष्मा, चष्म्याबाजूले गुठली.

बेंगनपल्लीची. मोठी, चपटी. आमच्या रानातली हिच्या अर्धी असते. रेशे वाळून पांढरे झाले. पण उचलली तं जड. आतून ओली अजून.

कचऱ्याची पिशवी.

म्हणजे त्याच दिवशीपासून माहीत आहे त्याले. बसमधून हात केला तवा खिशात होती ही.

मी तशीच ठेवली परत.

जेवताना बा एवढंच म्हणे, "तुया फ्रिज चालते ना बरोबर?"



संध्याकाळी शेजारचा बिरजू भाऊ आला, दारातूनच ओरडला, "काय गा पेरमा! माकडाइचं पंडुम होऊन गेलं, आमचं कधी?" बा म्हणे, "उद्या सांगतो." बिरजू भाऊ हसला, पण हसणं खरं नव्हतं. मागं त्याची म्हातारी माय होती. तिनं आमच्या आंगणात पडलेला आंबा उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले, होता तिथंच ठेवला.

तिले दात नाई. वर्षातून हेच एक फळ खाता येते तिले.

८ मे, सकाळ

बा पळसाच्या पानांचे द्रोण टोचत बसला होता. मी बाजूले बसली. दोन द्रोण टोचले. दोन्ही फाटले.

"बा, आंबा याच सालचा होता."

काडी टोचली त्यानं. "हाव."

"तुले माहीत होतं."

"गुठली ओली होती."

"मंग बोलला काऊन नाई? दहा दिवस गाव थांबवलं!"

"मी काय बोलू? खाल्ला मी. लपवला तू." द्रोण उलटा करून पाहिला. "तू आली नसती तं अजून थांबलो असतो."

म्हटलं, चूक माझी, तू कर पंडुम, कोणाले काय समजते? कधी नाई एवढ्या जोरात मान हलवली त्यानं. म्हणे, देवासमोर द्रोण धरीन तवा हात कोणाचा राहीन?

"मंग आता?"

"दुपारी गाव बसन. मी खाल्लं ते मी सांगतो. तू बोलली ते तू सांग."

"गोंडीत?"

"मंग काय चंद्रपूरच्या भाषेत?"

"वाईनचं पण सांगू?"

"ते कोणी विचारत नाई."

मले हसू आलं, त्यालेही आलं जरासं. मंग मी विचारलं, तू पेरमा राहशील ना? त्याचा बाप पेरमा होता, त्याचा आजाही.

"ते गाव सांगन," म्हणाला आणि पानं मोजाले लागला.

८ मे, दुपार

आंब्याखाली लोक जमून राह्यले. ही वही मांडीवर. गोंडीत वाक्य बनवून राह्यली. गोठवलेला, याले शब्दच नाई आमच्याकडे. बर्फात ठेवलेला म्हटलं तं लांबते. आणि आंबा बर्फात होता का टोपल्यात, हे विचारलंच कोणी? पाच वाक्यं लिहिली, पाचही खोडली. सगळ्यांत मी कुठीच नाई, नुसता आंबा, फ्रिजर, थंडी.

म्हातारी समोर बसली आहे. टोपलं मधात ठेवलं बिरजू भाऊनं. कोणी हात लावून नाई राह्यलं.

सहावं:

आंबा याच सालचा होता. बानं विचारलं तं मी खोटी बोलली.

एवढंच राहू दे. कोणी काय केलं ते आहे त्यात.

बा उठला. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. त्याच्यानंतर माझी पाळी