दारापासून दोन हातांवर

दि. १४ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी वाच. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा ठणकतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. वहिनीने पाठवलेला स्वेटर मला ढगळ होतो. मी अजून एवढीशीच आहे.

माझं काम काय, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. मोठ्या इमारतीत आग लागली तर माणसं कशी बाहेर पडतील, ते आम्ही कॉम्प्युटरवर बघतो. एक माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपके पळतात, दाराशी कोंडतात, आणि किती आत राहिले ते आम्ही चहा पीत मोजतो. निगरगट्ट धंदा आहे.

गेल्या आठवड्यात मी आपल्या शाळेचं सभागृह मांडलं. बक्षीस समारंभात पडदा पेटला होता, तेच. चौकशीच्या कागदांत सगळं आहे: चारशे दहा माणसं, एकच उघडं दार, आणि दारापासून दोन हातांवर उभा, ढकललं तरी न हललेला सतरा वर्षांचा मुलगा. सात माणसं गेली आणि वाट अडवली म्हणून सगळ्यांनी तुला धारेवर धरलं. एकतीस वर्षं झाली.

आधी मी तुझा ठिपका काढून टाकला. वाट मोकळी झाली, आता सगळे सुटतील असं वाटलं. दारात अशी चेंगराचेंगरी झाली की चाळीस जण आत राहिले. मग तुला परत जागेवर उभं केलं. दादा, गर्दी तुझ्यापाशी येऊन दोन बाजूंना फुटली, दारावरचा रेटा ओसरला आणि माणसं भराभर बाहेर पडली. सात-आठच उरली. दोनशे वेळा चालवून बघितलं, दर वेळी तेच. आमच्या साहेबांना कशाचंच कौतुक नसतं, तेही खुर्ची ओढून कितीतरी वेळ नुसते बघत बसले.

म्हणाले, "प्रत्येक दाराशी असं होत नाही. इथे होतंय खरं. पण हा उभा का राहिला?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

चौकशीच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. दारात कोण होतं? दादा. का उभा होता? माहीत नाही. नऊ वर्षांची होते, पण मला पक्कं माहीत होतं. धुरातून तुझी हाक येत होती, "मुंगे, इकडे ये." मी बक्षिसाची रंगपेटी आणायला मागे फिरले होते. ते सांगितलं तर सात माणसं माझ्या नावावर येतील, या भीतीने मी गप्प बसले आणि ती तुझ्या नावावर जाऊ दिली. नंतर मोठी झाले, तरी गप्पच राहिले. माझं चुकलं, दादा.

ठिपका आपणहून थांबत नाही, त्याला कारण लिहून द्यावं लागतं. काल साहेबांसमोर त्या रकान्यात मी लिहिलं: 'धाकटी बहीण अजून आत आहे.' अहवालातही तसंच जाईल, तू हो म्हणालास तर.

वहिनी सांगते, तू अजून कुठल्याच दारात घटकाभर थांबत नाहीस. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. दार उघडलं नाहीस तरी चालेल. मी दोन हातांवर उभी राहून हाक मारत राहीन.

जिच्यासाठी थांबलास ती,
मुंगी