सहा रजयांचा कापूस

सूनबाई,

तुझ्या नवऱ्याने विकलेल्या, अजून पाठवायच्या सहा रजयांतला निम्मा कापूस मला न विचारता काढलाय. वर म्हणतो, "आई, ते ऑनलाइन बाजारवाले पाठवणावळीवरही कमिशन कापतात. जड रजईत आपल्याला काही उरत नाही."

नसेल उरत. पण तुझे सासरे गेल्यापासून भिंतीला टांगलेली त्यांची कापूस पिंजायची तारेची पिंजण गेले चार दिवस आपोआप वाजतेय. हसू नकोस. आज काढलेल्या कापसाच्या ढिगात माणूस बसल्यासारखा खळगा होता. हात लावला, तर गरम.

मी कामाच्या खोलीत सगळ्या रजया उसवून पुन्हा भरतेय. कुरियरवाला आला तर उद्या ये म्हणावं.

तुझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलंय, "किंमत वाढव, नाहीतर दुकान बंद कर. गारठा विकणाऱ्याची आई म्हणून मला जगायचं नाही."