कोर्सीची चौथी बाजू

६ आजर

अर्दबीलला पोहोचले. बसमधून उतरून पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडक झाले. शीतगृहाच्या आतल्या खोलीत हे व्हायचं; भर रस्त्यात होईल असं वाटलं नव्हतं. मला चक्क हसू आलं. बंदर अब्बासला मी इतकी वर्षं कोलंबी गोठवली, तेव्हा बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे तीस. तिकडे थंडी तयार करायला खोलीभर यंत्रं लागायची. इथे आजर महिन्यातच, हिवाळा लागायच्या आधीच, ती फुकट पडली आहे, छपरांवर, गाड्यांवर, कावळ्यांच्या पाठीवर.

इथलं काम उलटं आहे. बटाट्याच्या गोदामात चार अंश राखायचे आणि बाहेरची थंडी आत येऊ द्यायची नाही. बटाटा गोठला की आतून काळा पडतो, गोड लागतो, फेकून द्यावा लागतो. नवरोजपर्यंत, म्हणजे वसंतातल्या नववर्षापर्यंत, मी प्रोबेशनवर, नंतर कायम.

खोली नीट लावली की हानियेला आणायचं. बंदरच्या दमट हवेत माझ्या धाकट्या बहिणीची छाती वाजत राहते. डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या, उंचावरच्या गावात न्या. मी त्यासाठीच आले आहे, दुसरं काही कारण नाही.

घर ताऊस खानूमचं. सत्तरीची विधवा, एकटी. लोकरीचे मोजे एकावर एक चढवते आणि चालताना पाय लाकडासारखे टाकते. मी भाडं विचारलं, तर म्हणाली, "कसलं भाडं, पोरी? घर तुझंच आहे." मी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं. तिसऱ्या नकोनंतर तिने आकडा सांगितला. आमच्याकडेही असंच चालतं. तेवढ्यापुरतं परकं वाटलं नाही.

अडीअडचणीला असावा म्हणून तिने हानियेचा नंबर मागितला. मी दिला.

९ आजर

कोर्सी मी आजवर फक्त चित्रात पाहिली होती. खोलीच्या मधोमध बुटकं चौकोनी टेबल, त्याखाली शेगडी, वरून जमिनीपर्यंत लोळणारी मोठी रजई. चार बाजूंना गाद्या घालायच्या, रजईत पाय घालायचे आणि हिवाळाभर तिथेच जेवायचं, तिथेच गप्पा मारायच्या. मला कोळशाच्या वायूची भीती होती, पण शेगडी विजेची आहे. तार, जोडणी, अर्थिंग सगळं तपासलं. ठीक आहे.

आतल्या बाजूला ताऊस खानूम बसते. खिडकीकडची बाजू माझी, भिंतीकडची हानिये आली की तिची. दाराकडच्या बाजूलाही गादी आहे, उशी रोज झटकून ठेवलेली असते, पण तिथे कुणी बसत नाही. मी विचारलं, तेव्हा ती बाजू गार असते म्हणाली. मी म्हटलं, शेगडी मध्यभागी आहे, चारही बाजू सारख्याच तापायला हव्यात. त्यावर ती म्हणाली, "इंजिनियर बाई, शाळेत शिकवतात तसं घर तापत नाही."

मग तिने एक वेगळंच विचारलं. तुमच्याकडे चुकून कुणाला पाय लागला तर काय म्हणतात? मी सांगितलं, माफी मागतात आणि म्हणतात, या, नीट बसा, घर तुमचंच आहे. आईने आम्हा दोघींना हे बोलायला शिकण्याच्या वयातच शिकवलं. हानिये तर मांजरीलाही म्हणते.

ताऊस खानूम म्हणाली, दक्षिणेची माणसं बोलायला गोड असतात.

१२ आजर

गोदामात माझ्यासमोर सगळे मला न कळणाऱ्या तुर्कीत बोलतात आणि हसतात. पाळीचा मुख्य कुदरत आगा मला कोलंबीबाई म्हणतो. "काय कोलंबीबाई, आज उकडतंय का? पंखा लावू?" काल कुणीतरी माझे हातमोजे पाण्यात बुडवून बाहेर टांगले. सकाळी ते दोन हातांसारखे ताठ उभे होते. मी ते हीटरवर ठेवले आणि काम केलं. रडवायचं असेल तर याहून जास्त कष्ट घ्यावे लागतील.

जेवताना कुणीतरी विचारलं, कुठे राहतेस? मी ताऊस खानूमचं नाव घेतलं आणि हसणं थांबलं. कुदरत आगाने फारसीत विचारलं, कोर्सीच्या कोणत्या बाजूला बसतेस? मी म्हटलं, खिडकीकडच्या. त्याने मान हलवली आणि आपलं ताट उचलून दुसरीकडे गेला.

त्यानंतर माझी थट्टा कुणी केली नाही. माझ्या शेजारी बसलंही नाही कुणी.

१५ आजर

दुपारपासून बर्फ. कामावरून आले, पाय रजईत घातले, जिवात जीव आला. ताऊस खानूम मसूर निवडत होती. माझ्या तळव्याला दुसरा तळवा लागला. उघडा, खरखरीत, फार गार. मी झटकन पाय मागे घेतला आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "माफ करा, या, नीट बसा, घर तुमचंच आहे."

ताऊस खानूमचा हात मसुरात थांबला. तेव्हा मी पाहिलं, तिचे पाय रजईबाहेर होते, मोज्यांसकट, मांडी घातलेली.

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. मला मध घालून चहा दिला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, आईने चांगलं वळण लावलंय. नंतर शांतपणे वरचे मोजे काढून बाजूला ठेवले.

उंदीर असेल. उंदराचा तळवा एवढा मोठा नसतो, हे मला कळतं.

१७ आजर

गोदामातला सळईचा थर्मामीटर घरी आणला. रजईखाली ताऊस खानूमच्या बाजूला अडतीस अंश. भिंतीकडे सदतीस. दाराकडेही सदतीस. ती बाजू आता गार नाही.

माझ्या बाजूला चार.

सळई बदलली. शेगडी फिरवली. टेबल फिरवलं. आकडा बदलला नाही. चार अंशांत मी बटाटे ठेवते.

ताऊस खानूम आज जिना भराभर उतरली. गुणगुणत होती.

२० आजर

दाराकडच्या बाजूला बसून पाहिलं. गारवा माझ्याबरोबर आला. गोदामाच्या कचेरीत हीटरसमोर बसून पाहिलं, तिथेही तेच. बुटाच्या आत, माझ्या पायाला लागून, पाय. मी जिथे पाय ठेवते तिथे तो असतो. ढकलत नाही, ओढत नाही. फक्त टेकलेला असतो, जसं कोणीही शेगडीला पाय टेकवेल.

तो माझ्यावर शेकतो आहे.

दोन बोटं पांढरी पडली आहेत. टाचणी टोचली, कळलं नाही. हिमदंश आहे असं डॉक्टर म्हणाले, बर्फात अनवाणी फिरलीस का म्हणून ओरडले.

हानियेने फोनवर चेहरा पाहिला. ताईला ती आबजी म्हणते. "आबजी, तुझे ओठ निळे का दिसतात?" मी म्हटलं, दिव्याचा रंग आहे. ती चिल्लेच्या सणाला, म्हणजे तीस आजरच्या सर्वांत मोठ्या रात्रीला, यायचं म्हणते. तिने सणाचं कलिंगडही घेऊन ठेवलं आहे. म्हणते, कोर्सीत बसून कापू.

२३ आजर

आज कुदरत आगाला गाठलं आणि मला काय झालंय ते सरळ सांगितलं. तो हसला नाही. वेडी आहेस असंही म्हणाला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याने सांगितलं ते असं. ताऊस खानूम नवी नवरी असताना एका हिमवादळात दारावर थाप पडली. बाहेर कुणी वाटसरू होता, बूट फाटून पायातून गेलेले. तिने दार उघडून म्हटलं, या, आत बसा, घर तुमचंच आहे. तो रीतीचा माणूस. म्हणाला, नको, उगाच त्रास कशाला. पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. तिने दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा हाताला धरून आत घ्यायचं. ती फक्त एकदा बोलली आणि दार लावलं. सकाळी तो उंबऱ्याला टेकून बसलेला सापडला. हात पुढे, दारावर दुसऱ्यांदा थाप मारायच्या बेतात.

"आता तो रीत पाळत नाही, कोलंबीबाई. एकदा या म्हटलं की येतो."

ज्याने बोलावलं त्याच्या पायाशी तो राहतो. दुसऱ्या कुणी बोलावेपर्यंत. आधी तिचा नवरा. नंतर यज्दहून आलेली एक मास्तरीण. वसंतात तिला उचलून न्यावं लागलं. ती गेल्यावर तो परत ताऊस खानूमकडे. इथली लहान मुलंसुद्धा कोर्सीखाली पाय लागला तर तोंड मिटून घेतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

तो म्हणाला, "तू नाहीस तर आमच्यातलंच कुणीतरी. तू आमची कोण लागतेस?"

हे त्याने शिवी दिल्यासारखं म्हटलं नाही. भाव सांगावा तसं म्हटलं.

२५ आजर

रजा घेऊन परत बंदरला जायचं ठरवलं. गारवा तिकडे कसा टिकेल? तिकडे अजून पंखे चालू असतील. पिशवी भरली. दारापर्यंत गेले. घोट्यांखाली काही नाही. पाय आहेत, दिसतात, पण माझे नाहीत. जिन्यावर पडले.

ताऊस खानूमने उचलून आणून पुन्हा रजईत बसवलं. तिच्यात एवढी ताकद कुठून आली? अनवाणी होती. तिच्या पायांना बोटं कमी आहेत, पण जी आहेत ती गुलाबी.

हानियेला फोन केला. येऊ नकोस. ती रुसली, मग रडली, मग ऐकलं. बरं झालं. निदान हे तरी.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मी नेमकं लिहिते. ती आली आणि तिने ‘घर तुमचंच आहे’ म्हटलं, तर मी सुटेन. हा विचार माझ्या डोक्यात आला. आला आणि थोडा वेळ थांबला.

२७ आजर

गुडघ्यांपर्यंत. सळई लावली. उणे एक. मांस उणे दोनला गोठायला लागतं, हे मला पाठ आहे. कोलंबीचं.

जीभ जड. स आणि श नीट येत नाहीत. गोदामातून कुणी विचारायला आलं नाही.

ताऊस खानूम बाजारातून डाळिंबं घेऊन आली. अक्रोड. दोन जास्तीचे पेले काढून घासले.

कुणासाठी, विचारलं. ती पेले पुसायला लागली.

२८ आजर

तिने फोन केला. ताऊस खानूमने. माझ्यासमोर, अगदी गोड आवाजात. "बाळ, तुझ्या बहिणीला ताप भरलाय, तुझंच नाव घेते. लवकर ये, घर तुझंच आहे."

मी ओरडले. घशातून वाफ निघाली. फक्त वाफ.

माझा फोन तिने नेला. चार्ज करते म्हणाली.

२९ आजर

हानिये बसमध्ये असेल. घाटात बर्फ आहे म्हणतात. घाट बंद होऊ दे. बस बंद पडू दे. परत वळू दे —

मी जबडा उघडायचा प्रयत्न केला. चमचा घालून. दात उघडले, आवाज नाही.

हात अजून चालतो. हात रजईवर ठेवते, आत नेत नाही. हात त्याला द्यायचा नाही.

वही आहे. पेन आहे. तिला वाचता येतं. दारातून आली की आधी वही — मोठ्या अक्षरांत —

३० आजर, संध्याकाळ

ताऊस खानूम स्टँडवर गेली तिला आणायला. स्वतः. बर्फात, नाचत गेल्यासारखी.

पान तयार आहे. पानभर लिहिलंय. हानिये, पाय लागला तर बोलू नकोस. काहीही बोलू नकोस. माफीसुद्धा नाही. बाहेर जा.

जिन्यावर पावलं. दोन जणींची. तिचा खोकला. हसणं.

आली. गालांवर बर्फ. हातात कलिंगड. आबजी म्हणाली, गळ्यात पडली, किती गार झालीस म्हणाली. मी वही पुढे केली — ताऊस खानूमने वरून डाळिंबाचं ताट ठेवलं. आधी ऊब घे, पोरी, मग वाचन.

मी वही ओढून घेतली. हिच्यातच लिहितेय. पान उलटून तिच्याकडे धरते. हानिये, इकडे बघ. इकडे —

ती भिंतीकडे बसली. मोजे काढले. ओले होते. रजई उचलली.

माझे पाय मी हातांनी उचलून बाहेर काढलेत. ताऊस खानूमची मांडी घातलेली आहे. आत फक्त हानियेचे पाय. आणि —

ती दचकली. हसली. माझ्याकडे बघतेय, तिला वाटलं मी. मान हलवते. नाही, नाही, नाही — तिला वाटलं मी थंडीने कापतेय —

माफ करा, म्हणाली.

ओठ मिट, हानिये, ओठ —

म्हणाली. पूर्ण म्हणाली. आईने शिकवलं होतं तसं.

अंगठा. माझा अंगठा. टाचणी टोचल्यासारखं. दुखतंय. ऊब चढतेय, घोट्यापर्यंत, मला पाय आहेत, माझे पाय मला परत —

हानियेचे ओठ —