शुक्रवारचे बदाम

दादा,

तू घर सोडलंस, पण तुझं गाण्यांचं अकाउंट मी चालूच ठेवलं. दर शुक्रवारी इंडी आणि अमेरिकाना या तुझ्या आवडत्या परदेशी गाण्यांचे नवे अल्बम येतात, ते नेमाने ऐकते. तो बँजो डोक्यावरून जातो, तरी आवडल्याचा लाल बदाम देते. तुला कळावं, घरी कुणीतरी ऐकतंय. गेल्या महिन्यात मी न ऐकलेल्या गाण्यांवरही बदाम दिसले. म्हटलं, तूच!

काल खाली दुकानात गेले, तर बाबा गळ्यात मापाची टेप, कानात हेडफोन घालून, फोनवर तुझंच अकाउंट ऐकत शर्टाला बटणं लावत होते. "बंद कर तो धिंगाणा, नाहीतर चालता हो," असं तुला म्हणणारे तेच बाबा!

"दादा बदाम देतो ना, मग मीपण देतो," ते ओशाळून म्हणाले. "त्याला कळू दे. तू बोलू नकोस हं."

माझे बदाम त्यांना तुझे वाटले, त्यांचे मला. मग तू आहेस कुठे रे?

आज नवा अल्बम आला. सगळं कळूनही मी एका गाण्याला बदाम दिला. थोड्या वेळाने खालून त्याच गाण्याची शीळ आली. आता तूच सांग, बाबांना खरं सांगू, की तू होऊन राहू?

पत्ता नसल्याने हे वहीतच.

तुझी,
छोटी